परराज्यातल्या फ्लॅटसाठी प्रोबेट: कोर्ट निवडण्यापासून खाता नावावर होईपर्यंत

वडील पुण्यात राहत होते आणि त्यांनी बंगळुरूत एक फ्लॅट घेऊन ठेवला होता. ते गेल्यावर मुलीने पुणे जिल्हा न्यायालयातून मृत्युपत्राचं प्रोबेट, म्हणजे ते खरं आणि रीतसर असल्याचा कोर्टाचा आदेश, काढलं. पुढे फ्लॅट विकायला काढला, तेव्हा खरेदीदाराच्या बँकेचा वकील म्हणाला, "हे प्रोबेट महाराष्ट्रापुरतं आहे, कर्नाटकात चालणार नाही." त्याचं म्हणणं बरोबर होतं. अर्ज कुठे करायचा हे पहिल्याच दिवशी नीट ठरलं नाही, की असा फटका बसतो आणि तो कळेपर्यंत बराच काळ निघून गेलेला असतो. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा कोर्टाच्या निवडीला दिली आहे. उदाहरण पुणे आणि बंगळुरूचं असलं, तरी फ्लॅट इंदूर, हैदराबाद किंवा अहमदाबादला असला तरी क्रम हाच राहतो. गोव्याचं गणित वेगळं आहे, ते शेवटाकडे येईल.

सुरुवातीलाच एक इशारा. वडिलांनी हयातीत तुमच्या नावाने दिलेलं कुलमुखत्यारपत्र त्यांच्या मृत्यूबरोबर संपतं. त्याच्या आधारे नंतर केलेली सही, भाडेकरार किंवा विक्री टिकत नाही. "अजून कुणाला कळलेलं नाही तोवर करून टाकू" असा सल्ला देणारे भेटतात. त्यांचं ऐकलं, तर पुढच्या प्रोबेटमध्ये विरोधी वारसाच्या हाती आयतं कोलीत मिळतं.

## टप्पा १: प्रोबेट खरंच लागणार आहे का?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ मधलं कलम २१३ वगळलं. तोवर मुंबई, कोलकाता आणि चेन्नईशी जोडलेल्या हिंदू, बौद्ध, शीख, जैन व पारशी मृत्युपत्रांवर प्रोबेटशिवाय कोर्टात हक्क सांगता येत नसे. आता ती सक्ती गेली आहे. पुण्यात केलेल्या आणि फक्त बंगळुरूच्या फ्लॅटबद्दल असलेल्या मृत्युपत्राला ती आधीही नव्हती.

सक्ती गेली म्हणून प्रोबेट बंद झालेलं नाही. सगळे वारस एकमताचे असतील, मृत्युपत्र नोंदणीकृत असेल आणि फ्लॅट नजीकच्या काळात विकायचा नसेल, तर मृत्युपत्र, मृत्यू दाखला आणि बाकी वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं देऊन पालिकेत नाव बदलून घेण्याचा प्रयत्न आधी करा. पण पुढच्यापैकी एक जरी गोष्ट तुमच्या बाबतीत खरी असेल, तर प्रोबेट घ्याच:

- एखादा वारस सही द्यायला तयार नाही किंवा त्याचा ठावठिकाणा नाही.
- मृत्युपत्र साध्या कागदावर आहे आणि नोंदणी झालेली नाही.
- मृत्युपत्राने एखाद्या मुलाला किंवा मुलीला वगळलं आहे.
- फ्लॅट विकायचा आहे आणि खरेदीदार कर्ज काढणार आहे.
- मृत्युपत्रावरचे साक्षीदार वयस्क आहेत.

शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात. मृत्युपत्रावर निदान दोन साक्षीदार असावे लागतात आणि कोर्टात त्यातल्या किमान एकाने पुरावा द्यावा लागतो. दोघेही हयात नसतील, तर मृत्युपत्र करणाऱ्याची सही आणि एका साक्षीदाराचं हस्ताक्षर ओळखणारी माणसं शोधावी लागतात. साक्षीदार ऐंशीच्या घरातला असेल, तर "बघू पुढच्या वर्षी" म्हणू नका.

मुदतीचंही भान ठेवा. प्रोबेटच्या अर्जाला मुदत कायद्याचा अनुच्छेद १३७ लागू होतो, म्हणजे तीन वर्षं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं. ही मोजणी मृत्यूच्या तारखेपासूनच होते असं नाही. अर्ज करण्याची गरज जेव्हा निर्माण झाली, तेव्हापासून ती होते. तरीही उशीर जितका मोठा, तितका तो समजावून सांगावा लागतो.

तपासा: मृत्युपत्रात व्यवस्थापक किंवा एक्झिक्युटर म्हणून कुणाचं नाव आहे का? प्रोबेट फक्त त्यालाच मिळतं. नाव नसेल, किंवा तो हयात नसेल, तर ज्याला मालमत्ता मिळणार आहे त्याने "मृत्युपत्रासह लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन", म्हणजे मालमत्तेचा कारभार पाहण्याचा अधिकार देणारा कोर्टाचा आदेश, मागायचं असतं. अर्जाचं शीर्षकच चुकलं, तर दुरुस्तीत तारखा जातात.

## टप्पा २: वकिलाकडे जाण्याआधी जमवायचे कागद

मृत्यू दाखल्याच्या दहा प्रती काढून ठेवा. पालिका, सोसायटी, बँक, वीज मंडळ आणि दोन राज्यांतली कोर्टं धरली, तर दहाही पुरत नाहीत.

मूळ मृत्युपत्राला हात लावू नका. त्याला लॅमिनेशन करू नका, स्टेपल काढून पुन्हा मारू नका, समासात पेन्सिलनेसुद्धा काही लिहू नका. स्टेपलची जादा भोकं दिसली, की पान बदललं का हा प्रश्न उलटतपासणीत येतोच. मूळ प्रत एका जाड पाकिटात ठेवा आणि रोजच्या वापरासाठी रंगीत स्कॅन काढा.

फ्लॅटच्या बाजूने हे कागद लागतील: नोंदणीकृत खरेदीखत, ताज्या तारखेचा बोजा दाखला म्हणजे ईसी, खाता म्हणजे पालिकेतली मालमत्ता कराची नोंद, चालू वर्षाची मालमत्ता कराची पावती आणि अपार्टमेंट असोसिएशनचं थकबाकी नसल्याचं पत्र. कर्नाटकात ईसी कावेरी पोर्टलवरून मिळते. नोंदी असतील तर ती फॉर्म १५ मध्ये येते, काहीच नोंद नसेल तर फॉर्म १६ मध्ये. वडिलांच्या खरेदीच्या वर्षापासूनची मागूनही हातात फॉर्म १६ पडला, तर हायसं वाटून घेऊ नका. वडिलांचं खरेदीखतच त्यात दिसत नाही, असा त्याचा अर्थ होतो. बहुतेक वेळा मालमत्तेचं वर्णन किंवा वर्षं चुकीची टाकलेली असतात.

खरेदीखत बँकेकडे असेल, तर कर्ज फिटलं आहे का ते आधी विचारा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या आदेशानुसार कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात. बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. कर्जदार वारल्यास वारसांना कागद कसे द्यायचे, याची कार्यपद्धती बँकेने ठरवून ठेवलेली असली पाहिजे. ती लेखी मागा.

आता नावं. मृत्यू दाखल्यावर "सुरेश दत्तात्रय कुलकर्णी", बंगळुरूच्या खरेदीखतात "सुरेश डी. कुलकर्णी" आणि खात्यावर "कुलकर्णी सुरेश" असं सापडणं अगदी नेहमीचं आहे. कागदांवरची सगळी रूपं एका तक्त्यात लिहा. अर्जात मृताचं नाव लिहितानाच "उर्फ" म्हणून ती सगळी घाला आणि सोबत एकाच व्यक्तीची ही नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. आदेशात एकच रूप आलं आणि खात्यावर दुसरं असलं, तर पालिकेचा कारकून अर्ज परत करतो. त्या एका अक्षरासाठी पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागते.

तपासा: वारसांच्या यादीत मृताची आई आहे का? हिंदू पुरुष वारल्यास त्याची आई पहिल्या वर्गातली वारस असते, वडील नसतात. आजी हयात असताना तिचं नाव गाळून अर्ज केला, तर पुढे प्रोबेट रद्द करण्याची मागणी होऊ शकते. आधीच वारलेल्या भावाची किंवा बहिणीची मुलंही यादीत हवीत.

## टप्पा ३: कोर्ट कोणतं?

जिल्हा न्यायालयाला अर्ज ऐकण्याचा अधिकार दोन कारणांनी येतो. एक, मृत व्यक्तीचं कायमचं राहण्याचं ठिकाण त्या जिल्ह्यात होतं. दोन, तिची काही मालमत्ता त्या जिल्ह्यात आहे. म्हणजे आपल्या उदाहरणात पुणे आणि बंगळुरू ही दोन्ही कोर्टं अर्ज घेऊ शकतात. अर्ज घेता येणं आणि आदेश दुसऱ्या राज्यात चालणं या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम २७३ असं सांगतं: जिल्हा न्यायालयाचं प्रोबेट त्या राज्यातल्या मालमत्तेला लागू होतं. ते राज्याबाहेर चालायचं असेल, तर दोन अटी आहेत. मृत व्यक्ती त्या जिल्ह्यात राहत असली पाहिजे, आणि राज्याबाहेरच्या मालमत्तेची किंमत दहा हजार रुपयांपेक्षा जास्त नाही असं न्यायाधीशांनी प्रमाणित केलं पाहिजे. १९२५ च्या कायद्यातला हा दहा हजारांचा आकडा तसाच राहिला आहे. आज बंगळुरूत त्यात पार्किंगची जागाही येत नाही. त्यामुळे व्यवहारात जिल्हा न्यायालयाचं प्रोबेट राज्याच्या हद्दीवर थांबतं. उच्च न्यायालयाने दिलेलं प्रोबेट मात्र, आदेशात वेगळं म्हटलं नसेल तर, सगळ्या राज्यांत चालतं.

यातून तीन वाटा निघतात.

पहिली वाट: उच्च न्यायालय. मृत व्यक्ती मुंबईत राहत असेल, मृत्युपत्र मुंबईत केलेलं असेल किंवा तिथे एखादं घर असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत अर्ज करा. मुंबईत प्रोबेटची कामं तिथेच चालतात, शहर दिवाणी न्यायालयात नाहीत. एकाच आदेशात मुंबईचं घर आणि बंगळुरूचा फ्लॅट दोन्ही येतात. ही वाट खुली असेल, तर दुसरीकडे बघू नका. मुंबईशी काहीच संबंध नसलेल्या पुणे-नाशिकच्या कुटुंबाला थेट उच्च न्यायालयात जाता येईल का, हे कलम ३०० मधल्या मर्यादा पाहून ठरतं. वकिलाला हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा.

दुसरी वाट: फ्लॅट जिथे आहे तिथलं कोर्ट. महाराष्ट्रात मृत्युपत्राखाली येणारं स्थावर काहीच नसेल, तर थेट बंगळुरूच्या शहर दिवाणी न्यायालयात जा. तिथे अशा प्रकरणांना पी अँड एससी म्हणतात. अडचणी दोन: साक्षीदाराला तिथे न्यावं लागतं, आणि मृत व्यक्ती तिथे राहत नसल्यामुळे "दुसऱ्या जिल्ह्यात हे अधिक सोयीने चालेल" असं म्हणून न्यायाधीश अर्ज नाकारू शकतात. तो अधिकार त्यांना कलम २७१ देतं.

तिसरी वाट: आधी घरचं कोर्ट, मग कलम २२८. पुण्यात घर आणि बंगळुरूत फ्लॅट असेल, तर बहुतेक कुटुंबांना हीच सोयीची पडते. आधी पुण्यात मृत्युपत्र सिद्ध करायचं. मग त्याची रीतसर प्रमाणित प्रत घेऊन बंगळुरूच्या कोर्टात कलम २२८ खाली लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन मागायचं. राज्याबाहेरच्या सक्षम कोर्टात मृत्युपत्र आधीच सिद्ध होऊन तिथे जमा असेल, तर त्याच्या प्रमाणित प्रतीवर असा आदेश देता येतो. मूळ मृत्युपत्र पुण्याच्या कोर्टातून हलवावं लागत नाही. हेच कलम भारताबाहेर सिद्ध झालेल्या मृत्युपत्रालाही लागतं. न्यू जर्सीत राहणारे काका वारले, तिथल्या कोर्टात मृत्युपत्र सिद्ध झालं आणि त्यांचा फ्लॅट ठाण्यात असेल, तर वाट हीच.

इशारा: वारस प्रमाणपत्राच्या दोन प्रकारांची गल्लत करू नका. बँकेतल्या ठेवी आणि शेअर यांच्यासाठी मिळणारं सक्सेशन सर्टिफिकेट देशभर चालतं, पण ते फ्लॅटला लागत नाही. महाराष्ट्रात दिवाणी न्यायालय १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली जो वारस दाखला देतं, तो जुन्या मुंबई इलाख्यातल्या नियमाचा आहे. त्याच्या भरवशावर बंगळुरूचं तिकीट काढू नका.

## टप्पा ४: अर्ज लिहिताना

मृत्यूनंतर पूर्ण सात दिवस जाईपर्यंत प्रोबेट आणि चौदा दिवस जाईपर्यंत लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन देता येत नाही. कागद जमवायलाच त्याहून जास्त वेळ जातो, म्हणून याची काळजी नको. काळजी पुढच्या गोष्टींची घ्या.

१. जिल्हा न्यायालयातल्या अर्जात परराज्यातली मालमत्ता लपवू नका. कोणत्या राज्यात किती किमतीची मालमत्ता आहे आणि ती कोणत्या जिल्हा न्यायाधीशांच्या हद्दीत येते, हे लिहिणं कलम २७६ नुसार बंधनकारक आहे. "पुण्याचं पुण्यात, बंगळुरूचं नंतर बघू" म्हणून गाळलेली ओळ पुढे नडते.

२. उच्च न्यायालयात देशभर चालणारा आदेश मागत असाल, तर तसं स्पष्ट लिहा. त्याच मृत्युपत्रावर तशाच आदेशासाठी दुसऱ्या कोणत्याही कोर्टात अर्ज केलेला नाही, हेही लिहावं लागतं.

३. फ्लॅटचं वर्णन खरेदीखतातून शब्दशः उतरवा. बंगळुरूच्या खरेदीखतात साधारणपणे तीन परिशिष्टं असतात: ए मध्ये सगळी जमीन चतुःसीमेसह, बी मध्ये तुमच्या वाट्याचा जमिनीतला अविभक्त हिस्सा चौरस फुटांत, सी मध्ये फ्लॅट आणि पार्किंग. आपल्याकडच्या सवयीने लोक फक्त "फ्लॅट नं. ३०४, तिसरा मजला" एवढंच लिहितात. मग आदेशात बी परिशिष्ट येत नाही आणि खरेदीदाराचा वकील जमिनीच्या हिश्श्याचा प्रश्न काढतो. तिन्ही उतरवा.

४. किंमत त्या राज्याच्या सरकारी दराने धरा. महाराष्ट्रात त्याला रेडी रेकनर म्हणतात, कर्नाटकात गायडन्स व्हॅल्यू. कोर्ट फी प्रत्येक राज्याच्या आपल्या कायद्याने ठरते, त्यामुळे पुण्याच्या फीवरून बंगळुरूचा अंदाज बांधू नका.

५. मृत्युपत्र मराठीत असेल आणि अर्ज बंगळुरूत करायचा असेल, तर भाषांतर जोडावं लागतं. त्या भाषेचा भाषांतरकार कोर्टाकडे नसेल, तर ती भाषा नीट जाणणारी कुणीही व्यक्ती भाषांतर करू शकते. तिने "मूळ भाषा आणि लिपी मला पूर्ण समजते आणि हे भाषांतर खरं व अचूक आहे" असं निवेदन सहीनिशी द्यायचं असतं. "माझे पश्चात" आणि "माझे हयातीत" यांची अदलाबदल झाली, तर मृत्युपत्राचं बक्षीसपत्र होऊन बसतं. भाषांतर स्वतः ओळीओळीने वाचा.

६. अर्जाबरोबर मृत्युपत्रावरच्या साक्षीदाराचं सत्यापन, म्हणजे ते आपल्यासमोर झाल्याची सहीनिशी पुष्टी, लागतं. तो आजारी असला, तर घरी जाऊन प्रतिज्ञापत्र करून घ्या.

## टप्पा ५: नोटीस, जाहिरात आणि वाट पाहणं

कोर्ट सगळ्या वारसांना नोटीस काढतं आणि वर्तमानपत्रात जाहिरात द्यायला सांगतं. परराज्यात मालमत्ता असल्याचं अर्जात लिहिलेलं असेल, तर नोटिशीची एक प्रत तिथल्या जिल्हा न्यायाधीशांकडे जाते आणि तिथेही ती प्रसिद्ध होते. वेळ खरा इथे जातो. ती प्रत रवाना झाली का, पोचली का, प्रसिद्ध होऊन अहवाल परत आला का, हे प्रत्येक तारखेला कारकुनाला विचारा. अहवाल न आल्यामुळे नुसती पुढची तारीख पडत राहते.

संमती देणाऱ्या वारसांची प्रतिज्ञापत्रं अर्जाबरोबरच जोडली, तर त्यांच्यापुरता नोटिशीचा वेळ वाचतो. एखाद्याने कॅव्हेट, म्हणजे आपलं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज, घालून विरोध केला, तर प्रकरण दाव्यासारखं चालतं: पुरावा, उलटतपासणी, सगळं. अशा वेळी साक्षीदाराचा जबाब लवकर नोंदवून घेण्यासाठी अर्ज करा.

लक्षात ठेवा: मृत्युपत्र खरं आहे आणि रीतसर केलेलं आहे, एवढंच प्रोबेट सांगतं. फ्लॅट खरोखर वडिलांच्याच मालकीचा होता का, हे त्यात ठरत नाही. फ्लॅट आईच्या आणि वडिलांच्या संयुक्त नावावर असेल, तर वडिलांचं मृत्युपत्र त्यांच्या हिश्श्यापुरतंच.

## टप्पा ६: आदेश हातात आल्यावर

कोर्टातून बाहेर पडण्याआधी तिथेच बसून तो वाचा. मृताचं नाव सगळ्या उर्फांसह आहे का, तिन्ही परिशिष्टं आहेत का, फ्लॅट नंबर आणि मजला बरोबर आहे का, मृत्युपत्राची प्रत सोबत जोडून शिक्का मारलेला आहे का. टंकलेखनाची चूक तेव्हाच दाखवली, तर दुरुस्ती सोपी असते. प्रमाणित प्रती किमान चार घ्या.

तिसऱ्या वाटेने जात असाल, तर आता बंगळुरूचा अर्ज करा. नाही तर थेट पालिकेकडे. तिथे आधी खाता नावावर करायचा असतो. बंगळुरूत आता विक्रीची नोंदणी करायची तर ई-खाता लागतो, म्हणून खरेदीदार शोधण्याआधी हे काम उरका. त्यानंतर असोसिएशनमधलं नाव आणि बेसकॉमचा वीज मीटर. खाता ही कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. विक्रीच्या फाइलीत प्रोबेट आणि वडिलांचं खरेदीखत दोन्ही जोडावं लागतं.

सोसायटीत किंवा असोसिएशनमध्ये कुणाचं नॉमिनेशन असेल, तर त्यावरून भांडू नका. नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो, त्यामुळे तो मालक होत नाही.

## मृत्युपत्रच नसेल तर

मग प्रोबेटचा प्रश्नच येत नाही. वारसांनी आपापला हिस्सा एकाच्या नावे सोडायचं ठरवलं, तर हक्कसोडपत्र करावं लागतं आणि त्याची नोंदणी फ्लॅट ज्या उपनिबंधकाच्या हद्दीत आहे तिथेच होते. पुण्यात हवेलीच्या उपनिबंधकाकडे बंगळुरूच्या फ्लॅटचं हक्कसोडपत्र नोंदवता येत नाही. मुद्रांक शुल्कही कर्नाटकाच्या दराने लागतं. पुण्याच्या घराचं आणि बंगळुरूच्या फ्लॅटचं, अशी दोन स्वतंत्र पत्रं करा.

नाशिकचा भाऊ बंगळुरूला येऊ शकत नसेल, तर त्याचं कुलमुखत्यारपत्र लागेल. नोटरीचा शिक्का इथे पुरत नाही. त्याच्या वतीने दस्त नोंदणीला सादर करायचा, तर मुखत्यारपत्र तो राहतो तिथल्या उपनिबंधकासमोर केलेलं आणि त्यांनी प्रमाणित केलेलं असावं लागतं. भाऊ परदेशात असेल, तर तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर ते होतं. भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. कुरिअरचं पाकीट जपून ठेवा, आल्याची तारीख त्यावरूनच दाखवता येते.

## गोव्यात फ्लॅट असेल तर

वर सांगितलेला क्रम गोव्यात तसाच लावू नका. तिथे २०१२ चा गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी प्रोसिडिंग कायदा आहे आणि वाटणी इन्व्हेंटरी प्रोसिडिंगमधून, म्हणजे मालमत्तेची यादी करून कोर्टामार्फत, होते. गोव्याच्या दिवाणी कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि मुलांचा ठरावीक वाटा मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. मूळ गोव्याच्या माणसाने मुंबईत घेतलेल्या घरालाही तोच कायदा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. म्हणून मृत व्यक्ती मूळची कुठली, हा पहिला प्रश्न ठेवा आणि म्हापसा, पणजी किंवा मडगावच्या स्थानिक वकिलाकडूनच सुरुवात करा.

## टप्पा ७: राहून जाणारा हिशेब

प्रोबेट मिळालं की काम संपलं, असं बहुतेकांना वाटतं. उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३१७ नुसार आदेशापासून सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची पूर्ण यादी आणि एक वर्षाच्या आत जमाखर्चाचा हिशेब कोर्टात द्यायचा असतो. देशभर चालणारा आदेश असेल, तर त्या यादीत प्रत्येक राज्यातली मालमत्ता वेगळी दाखवा. योग्य कारणाशिवाय हे जाणूनबुजून टाळणं, हे प्रोबेट रद्द करण्याचं एक कारण कायद्यातच दिलेलं आहे. आदेश हातात येईल त्याच दिवशी दोन्ही तारखा कॅलेंडरवर टाका. फ्लॅटचं भाडं, मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि वकिलाची फी यांच्या पावत्या एकाच फाइलीत तारखेप्रमाणे लावत जा.